गारगोटीतलं पिवळं

सकाळी डाळ निवडायचं काम मावशींकडे असे, आणि महिनाभरात घरात दोनदा कुणाच्या तरी दाताखाली खडा आला होता. सून हसत हसतच म्हणाली, "अख्ख्या डोंगराचे दगड ओळखता आई, आणि ताटातला सुटतो होय?" मावशींनी कानाआड केलं. हल्ली त्या डाळ निवडत नव्हत्या, चाचपत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

डोंगरात सोनं शोधणाऱ्यांची ही वस्ती, आणि सापडलेला दगड घेऊन जो तो मावशींकडेच यायचा. नवऱ्याच्या हाताखाली त्या शिकल्या होत्या. तो गेला तरी लोक यायचे थांबले नाहीत. सांगायच्या फुकट, पण मान मात्र वाजवून घ्यायच्या. गारगोटी ओली करायची, उन्हात धरायची, मग तळहाताच्या सावलीत. उन्हात चमचमून सावलीत विझलं तर ते फसवं पायराईट. पापुद्रा सुटला तर अभ्रक. सावलीतही तसंच पिवळं राहिलं तर सुईचं टोक टेकवायचं. भुगा झाला तर आल्या पावली परत जा. दबलं तर बस, चहा घे. एवढं करूनही ॲसिडचा थेंब टाकल्याशिवाय नवरा कधी तोंड उघडत नसे. ती बाटली मुलाने नुकतीच फेकून दिली होती, घरात लेकरं आहेत म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मावशींच्या शब्दावर दोघा भावांनी डोंगर पोखरला आणि हाती लागलं ते नुसतं पायराईट. वस्ती म्हणाली, नशीब. मुलगा एकटाच म्हणाला, डोळे. डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागला, लोकांना नाही म्हणून सांग म्हणाला. मावशी म्हणाल्या, माझे डोळे माझ्या बोटांत आहेत.

दारात तिघे होते. पुढच्याने दगड हातात ठेवला आणि फोडू नका म्हणून बजावलं. भागीदाराला अख्खा दाखवायचा होता म्हणे. मावशी खिडकीशी गेल्या. दगड ओला केला. धुक्यातून दिसावं तसं पिवळं दिसलं. सावली केली, ते विझलं नाही. सुई टेकवली, ती रुतली. किती दिवसांनी रुतली होती!

"सोनं आहे," त्या म्हणाल्या. "जागा कुणाला सांगू नकोस."

मागच्याला हसू आवरेना. पुढच्याने दगड परत घेतला आणि नखाने ते पिवळं खरवडून मावशींच्या तळहातावर ठेवलं.

"पितळ आहे मावशी. लेथवरचा कीस, डिंकाने चिकटवलेला."

पितळही सुईला दबतं, ॲसिडनेच ते उघडं पडतं, हे नवऱ्याने त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बाकी कुणी काही सांगायची गरज नव्हती. वस्तीत धातू कातायचं लेथ एकच होतं, आणि ते त्यांचा मुलगा चालवायचा. तो आज कामावर गेलाच नव्हता. आतल्या खोलीतून टॉवेलला हात पुसत बाहेर आला, तेही न हसता, उरकायचं काम उरकल्यासारखा.

तिघांनी चहा पिऊनच पाय काढला. जाताना एक जण म्हणाला, "बोटांना चष्मा लावा मावशी." सूनसुद्धा हसली, नंतर तिने तोंडावर पदर घेतला.

"तुला किती परीने सांगितलं," मुलगा म्हणाला. "ऐकलं असतंस तर ही वेळ आली असती का? आता हे वस्तीभर होईल आणि मी सुटेन. यापुढे कुणी लांबून आलं, तर मी दारातच सांगणार, आईला दिसत नाही."

मावशींनी तळहातावरचा कीस खिडकीबाहेर झटकला. थोडा घामाला चिकटून राहिला.

"झोपली आहे म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, असं सांगू नकोस."