मोबाइलवरची ओळख परेड

निवृत्त पोलिसाला लोक हटकून विचारतात, साहेब, तुम्ही पकडलेला सगळ्यात बेरकी गुन्हेगार कोण? मला मात्र आठवते ती मुरबाड तालुक्यातली एक बाई. वैशाखऱ्याच्या बाजूच्या एका गावात आपल्या ओटीवर बसून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "मीच बोलले व्हते." ती खोटं बोलत होती. ती तशीच अडून राहिली तर दोन जीव जाणार होते.

सुरुवात फोननं झाली. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदारानं रिसीव्हर पुढे केला. "साहेब, कोणी डॉक्टरीणबाई आहेत. रडायच्या बेतात आहेत."

त्या लांबच्या शहरात बसून मोबाइलवर पेशंट तपासणाऱ्या डॉक्टर होत्या. आता खेडोपाडी ही सोय झाली आहे. गावातला माणूस व्हिडिओवर डॉक्टरशी बोलतो, औषधाची चिठ्ठी त्याला मोबाइलवरच येते. दवाखान्यासाठी मोडणारा अख्खा दिवस वाचतो. त्या सकाळी या बाईंकडे आमच्या हद्दीतल्या एका बाईच्या नावानं कॉल आला होता. वय चाळिशीपुढचं. समोर आली ती तोंडावर ओढणी घेतलेली पोर.

"सर, मी ओढणी बाजूला करायला लावली. चेहरा सुजलाय. डोकं ठणकतंय म्हणाली, डोळ्यांपुढे चमकतं म्हणाली. पोटही दिसलं. कितवा महिना, असं विचारलं आणि कॉल कट झाला. आता फोन बंद आहे. सर, या लक्षणांत रक्तदाब वाढलेला असतो. कधीही झटके येतील. आई आणि बाळ, दोघंही जातील."

माणूस हरवल्याची तक्रार कशी घ्यायची हे आम्हाला पाठ असतं. पेशंट हरवल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. डायरीला नोंद टाकली, नंबरचं लोकेशन मागवायला सांगितलं आणि ते यायची वाट न बघता महिला पोलीस सोबत घेऊन जीप काढली. लोकेशनचं काम वरून मंजुरी घेऊन होतं. झटके मंजुरीसाठी थांबत नाहीत.

डॉक्टरांकडच्या नोंदणीत जिचं नाव-गाव होतं ती बाई घरी सापडली. धडधाकट. पाखडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवून तिनं आम्हाला पाणी दिलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"सकाळी डॉक्टरशी कोण बोललं?"

"मीच."

"काय होतंय तुम्हाला?"

"डोकं दुकतंय."

"मग फोन दाखवा."

"पडला व्हईरीत."

विहिरीत पडलेल्या वस्तूंचा आणि पोलिसांचा जुना संबंध आहे. कोयते, दागिने, मोबाइल, पंचनाम्याच्या वेळी सगळं विहिरीतच पडलेलं असतं. मी शेजाऱ्यांकडे वळलो. कुंपणापलीकडे माणसं जमली होती. मी बघताच सगळ्यांना एकदम कामं आठवली. अख्खं गाव काहीतरी झाकत होतं. चोर झाकणारं गाव वेगळं दिसतं, ते उर्मट असतं. हे गाव घाबरलेलं होतं, आणि ते बघून मी जास्त घाबरलो.

महिला पोलिसानं समजावलं. मी आवाज चढवला. बाई हलेना. अंगावर ओरडून माणूस बोलता होतो, पण ज्याला स्वतःसाठी भीती असते तोच. ही दुसऱ्या कोणासाठी तरी भ्यायलेली होती. अशा माणसापुढे आमची भाषा संपते. वेळ चालला होता आणि माझ्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती.

शेवटी मी माझ्या मोबाइलवरून डॉक्टरांना व्हिडिओ लावला आणि बाईच्या तोंडापुढे धरला. नोकरीत ओळख परेड पुष्कळ पाहिल्या, ओटीवर सूप-टोपलीत झालेली ही एकच.

"ही माझी पेशंट नाही," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "पण नाक आणि हनुवटी तीच आहे."

बाईनं मान फिरवली. मी डॉक्टरांना विचारलं, बोलताना मागे काही दिसलं, काही ऐकू आलं? त्या आठवायला लागल्या. मागे कुडाची भिंत. आणि हो, दोन-तीनदा बोलणं थांबवावं लागलं होतं, रेल्वेच्या भोंग्यामुळे.

मी बाईच्या समोर जमिनीवरच बसलो. "ताई, तुमच्या गावात आगगाडी कधीपासून यायला लागली?"

माळशेजच्या रस्त्यावर ट्रक, एसटी, सहलीच्या गाड्या, काय हवं ते ऐकू येतं. रेल्वे नाही. तिचा चेहरा पडला. महिला पोलीस हळूच म्हणाली, "लेक आहे ना? कसाऱ्याच्या अंगाला, रेल्वेलाइनजवळ दिलीय ना?"

बाईनं उलट मलाच विचारलं, "साहेब, सांगितलं तर गुन्हा घालाल?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी अठराची झालेली नव्हती. लग्न लवकर उरकलं होतं. दवाखान्यात नाव घातलं की वय विचारतात, वय कमी निघालं की पोलिसांना कळवतात. म्हणून आशाताई दारात आली की पोरीला आत लपवायचं. पण दुखणं लपत नाही. मग यांनी वाट काढली. नंतर कळलं, सासरी जाताना आईनं आपला मोबाइल लेकीला दिला होता, नोंदणी आईच्या नावावर होती. डॉक्टरशी बोलायचं झालं तर माझंच नाव सांग, माझंच वय सांग, एवढं तिला पढवून पाठवलं होतं. मोबाइलवर कोण बघतंय, असा त्यांचा हिशेब. तिथे बघणारं माणूस आहे, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

खोटं बोलणं मला अवघड नव्हतं. 'काही होणार नाही' म्हणालो असतो तर तिनं पटकन सांगितलं असतं. पण पुढच्या खेपेला त्या गावात पोलिसावर कोणी विश्वास ठेवला असता? मी म्हटलं, "गुन्हा नोंदवणार. तुमच्यावर, तिच्या सासरच्यांवर. ते माझ्या हातात नाही. पोरगी जगवणं मात्र आत्ता तुमच्या हातात आहे."

मोबाइल अजून चालू होता. डॉक्टर त्यातून बोलल्या, "मावशी, तिला फिट आली तर घरात कोणाला काही करता येणार नाही. मला पत्ता सांगा हो. मी इतक्या लांबून हात जोडते."

त्यांनी खरोखरच हात जोडले होते. बाईनं ते पाहिलं आणि हंबरडा फोडला. "उंबरमाळीच्या वर. ठेसनातून पायवाट हाय. वाचवा गो तिला."

तिकडची हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथल्या अधिकाऱ्याला फोन केला, रुग्णवाहिका मागवली आणि बाईला जीपमध्ये घालून शहापूरकडे निघालो. सरळगाव, किन्हवली, शेणवा. तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, त्या दिवसाइतका लांब कधी वाटला नाही. बाई मागच्या सीटवर देवाचं नाव घेत होती. मध्येच थांबून विचारायची, "फोन आला का?"

शेणव्याच्या पुढे त्या अधिकाऱ्याचा फोन आला. "साहेब, वाडीवर पोचलोय. घराला आतून कडी आहे. पोलीस म्हटल्यावर कोणी उघडत नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून बाईच्या हातात दिला. पलीकडे त्या अधिकाऱ्यानं आपला मोबाइल दाराच्या फटीला लावला. बाई ओरडली, "उघडा! मी बोलतेय, तिची आय. मीच सांगितलंय साहेबांना सगळं. गुन्हा होऊ दे, पन दार उघडा!"

मग कडीचा आवाज, मग गलका. पोरीला एक झटका येऊन गेला होता. घरच्यांनी वारं लागलं म्हणून अंगारा लावून निजवली होती. चादरीची झोळी केली आणि पोलीस, दीर, शेजारी अशा सगळ्यांनी मिळून तिला रस्त्यावर आणलं.

सरकारी रुग्णालयात आम्ही आणि रुग्णवाहिका मागेपुढेच पोचलो. डॉक्टर-नर्स तयार होते. मोबाइलवाल्या बाईंनी आधीच फोन करून ठेवला होता. स्ट्रेचर आत चाललं असताना नर्सनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

आईच्या तोंडून सवयीनं स्वतःचंच नाव निघालं.

"तुमचं नाही. पेशंटचं. आणि खरं वय सांगा, औषध द्यायचंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांवर उभा होतो, वर्दीत. माझी महिला पोलीस उगाच खिडकीकडे वळली. मी वळलो नाही. बाईनं पोरीचं नाव सांगितलं. मग वय सांगितलं. सतरा. आणि मला म्हणाली, "लिवा साहेब. तुमी पन लिवा."

मी लिहिलं. नोकरीत हजारो जबाब घेतले, मार खाऊन दिलेले, पैसे खाऊन दिलेले, सूड म्हणून दिलेले. स्वतःच्या हातानं स्वतःला आरोपी करणारा इतका स्वच्छ जबाब मला दुसरा मिळाला नाही.

मोबाइलवर डॉक्टर आला म्हणजे दवाखाना घरी आला, असं भाषणात ऐकतो. मी ते खोटं मानत नाही. त्या दिवशी जीव वाचायला सुरुवात तिथूनच झाली. पण माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये नुसतं अंतर नसतं. भीतीही असते, आणि आमच्या भागात ती बऱ्याचदा खाकी घालून येते. कायदा योग्यच आहे, लेकरांची लग्नं लावू नयेत, यात माझं दुमत नाही. पण कायद्याला घाबरून पोर घरातच मरत असेल तर तो कायदा नेमका कोणाला वाचवतो, याचं उत्तर मला नोकरीनं दिलं नाही. पुढे एवढंच केलं की गावात बैठकीला गेलो की आधी सांगायचो, गुन्ह्याचं नंतर बघू, पेशंट आधी आणा.

खटला उभा राहिला तेव्हा मी सरकार पक्षाचा साक्षीदार होतो. लग्न कोणी लावलं ते सांगितलं. सरकारी वकिलांनी तेवढंच विचारलं होतं. मी न विचारता पुढे बोललो, की ही मुलगी आज जिवंत आहे ती आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्या या बाईमुळे. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. मागच्या बाकावर ती पोर बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. आईचं नाव पुकारलं तेव्हा आईच्या आधी तीच उठून उभी राहिली.