गोत्र: नानाखेडा

आमच्या दिलीपराव पोतनिसांना पाटीचा तिटकारा. दारावर नाव नाही, स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत. मीठ घातलेला चहा मी त्यांच्याकडे प्यायलोय, आणि वर चांगला झालाय म्हणालोय! रेल्वेतून रिटायर झाल्यावर आपल्या मराठी समाजाच्या वधू-वरांची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर आली. तिच्यातही रकान्यांना नावं नाहीत. आधी माणूस, मग पत्ता, मग गोत्र, मग नक्षत्र. सगळं डोक्यात.

"अहो, वरती लिहा तरी काय कशाचं आहे ते," मी म्हटलं.

"तात्या, घरच्या माणसांच्या गळ्यात कोणी पाटी अडकवतं का?"

यंदा त्यांनी पत्ते अपडेट केले. आमच्या कॉलनीतल्यांचं नुसतं 'नानाखेडा' होतं, तिथे 'बस स्टँडमागे, नानाखेडा' असं सविस्तर लिहिलं. आता त्या फाइलीचं असं, की कॉमा दिसला की यंत्र पुढचा रकाना सुरू करतं. झालं! नानाखेडा जाऊन बसलं गोत्राच्या जागी, आणि गोत्र सरकलं नक्षत्रात.

नेमकं तेव्हाच त्यांच्या अश्लेषाचं अर्णव जामदारशी ठरत होतं. एकाच कॉलनीतली पोरं, एकमेकांना पसंत. दिलीपरावांनी शिरस्त्याप्रमाणे फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला.

"सगोत्र! दोघांचंही नानाखेडा. हे लग्न होणे नाही."

"बाबा, आपलं गोत्र कौशिक आहे!"

"ते घरचं झालं. याच फाइलीवर लोकांची लग्नं मोडली मी. आता स्वतःच्या मुलीसाठी तिला खोटी म्हणू?"

"आणि माझं नक्षत्र कौशिक?"

"असेल एखादं नवीन सापडलेलं."

अश्लेषाने कॉमाची भानगड समजावली. ऐकतील तर दिलीपराव कसले! शेवटी त्यांच्या बायकोने, सुलभावहिनींनी, स्वयंपाक बंद केला. "घ्या, डोक्यात आहे ना सगळं? काढा डबे." दिलीपरावांनी रवा समजून रांगोळी परतायला घेतली, आणि अजून खमंग वास कसा येत नाही म्हणत उभे राहिले.

अर्णव मात्र हुशार. नमस्कार करून म्हणाला, "काका, माझा पत्ता बदलला तर अपडेट कराल ना?"

"म्हणजे काय! कामच आहे ते माझं."

पोराने सामान टेम्पोत टाकलं आणि माधव नगरात खोली घेतली. दिलीपरावांनी लिहिलं, 'टाकीजवळ, माधव नगर'. गोत्राच्या जागी माधव नगर उमटलं, तसे ते खुर्चीतून उठलेच.

"भिन्न गोत्र! देखो भई, देव आहे!"

लग्न झोकात झालं. जिलब्या किती खाल्ल्या ते माझ्या सुनेला सांगू नका. अश्लेषा माधव नगरात नांदायला गेली, तिचाही पत्ता बदलला. परवा दिलीपरावांनी मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. डोळे भरून आले होते.

"बघा तात्या, लग्नानंतर मुलीला नवऱ्याचं गोत्र लागतं की नाही? मी फक्त पत्ता बदलला, गोत्राला हातसुद्धा लावला नाही. फाइलीने आपणहून केलं!"