पुस्तकातल्या बाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि मुलाखतींत तर नाहीच — तिथे मी नेमकं उलटं सांगितलं. तुम्हाला का सांगतेय, तेही धड कळत नाही. तुम्ही ते पुस्तक वाचलं असेल, म्हणून असेल. वाचून रडलाही असाल. बरेच जण रडले.

मी मुलांसाठी लिहिते. घरातली दुखणी मुलांपर्यंत न घाबरता नेणारी लेखिका, असं माझ्याबद्दल म्हणतात. ऐकायला बरं वाटतं — अजूनही वाटतं, हेच वाईट. त्या पुस्तकातल्या मुलीचे बाबा चिडले की आईला बाल्कनीत कोंडतात, भर उन्हाळ्यात, आणि किल्ली खिशात घालतात. मुलगी दाराखालच्या फटीतून आईला बर्फाचे खडे सरकवते. आईच्या हाताला लागेपर्यंत निम्मं पाणी झालेलं असतं. हे कसं सुचलं, असं ज्याने त्याने विचारलं. सुचलं आपलं, असं मी म्हणत गेले.

सुचलं कुठलं?

आम्ही बहारीनला राहतो. नवरा हिद्दला एका कंपनीत आहे. दर शुक्रवारी मी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा मराठीचा वर्ग घेते. इथल्या मुलांना मराठी समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देतात. मी रागवत नाही, येतात हेच खूप. एकदा विचारलं, घरी आईला काय मदत करता? कुणी कपड्यांच्या घड्या घालत होतं, कुणी कोथिंबीर निवडत होतं. रेवा म्हणाली, "आय गिव्ह हर आइस." सगळे हसले. मीही हसले.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. पोर बोलत गेली — बाबा, किल्ली, बाल्कनीत गरम वाफा सोडणारा एसीचा डबा, सगळं. ती थांबली की मी विचारायचे, मग? काय होतं त्या 'मग'मध्ये? काळजी? पहिल्या दिवशी असेलही. पण पुढच्या शुक्रवारी मी तिला परत थांबवलं, बिस्किटं दिली आणि विचारलं की ट्रेमधून बर्फ काढताना आवाज होत नाही का. काळजी असलेला माणूस हे विचारतो का?

ट्रे नळाखाली धरते, म्हणाली. तेही पुस्तकात आहे.

तिचे बाबा माझ्या नवऱ्याचे साहेब. नवऱ्याची नोकरी त्यांच्या हातात, नोकरीवर व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर मी. स्वतःला मी हेच कारण देत आले. खोटं नाही ते. पण मी तोंड उघडलं असतं तर गोष्टही तिथेच थांबली असती — आणि मला ती पुरी हवी होती. आता बोलले एकदाचं.

नाही, एवढंच नाही. अजून एक आहे, आणि मघापासून मी त्याच्याभोवतीच घुटमळतेय.

मला बाल्कनी डोळ्यांनी बघायची होती. त्याशिवाय लिहिता येईना. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी माहूजला त्यांच्या बिल्डिंगसमोर गाडी लावली, एसी चालू ठेवला आणि वर बघितलं. रेवाची आई तिथे उभी होती. भिंतीच्या बोटभर सावलीत पाठ टेकून, ओढणी डोक्यावर घेऊन. तिने खाली बघितलं. मला ओळखलं. गणपतीत आम्ही दोघींनी शेजारी बसून मोदक वळले होते, ओळखणार नाही तर काय? तिने हात केला नाही, हाक मारली नाही. नुसती बघत राहिली — आणि मी गिअर टाकून निघून आले. घरी येऊन त्याच संध्याकाळी ते प्रकरण लिहिलं. एका बैठकीत. सगळ्यात जास्त कौतुक त्याच प्रकरणाचं झालं.

पुस्तकात मी नावं बदलली, बहारीनचं नागपूर केलं. प्रकाशन इथेच, मंडळात झालं. पुष्पगुच्छ रेवाच्या बाबांनी दिला. वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी त्यांनी पुस्तक विकत घेतलं आणि माइकवरून म्हणाले, मराठी वाचा रे बाळांनो. उघडूनसुद्धा पाहिलं नसणार त्यांनी. रेवाची आई पहिल्या रांगेत होती. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेलं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही, आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

रेवाची मला भीती नव्हती. मराठी पुस्तक ही मुलं कुठली वाचतात? एवढं एकच मी विसरले — तिला वाचायला मीच शिकवत होते. बाराखडीपासून. सगळा हिवाळा ती त्या पानांवरून बोट फिरवत होती, अक्षराला अक्षर जोडत. आणि एका शुक्रवारी, सगळे गेल्यावर, पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. वर्गात ती कधी मराठीत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, सावकाश, एकेक शब्द जुळवून.

"टीचर, बुकमधली टीचर वर येते."

मी म्हटलं, छान वाचलंस. शाबास.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. ते लोक अजून माहूजलाच आहेत. मी आता जुफैरला जाताना माहूज टाळून लांबच्या रस्त्याने जाते.

परवा पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. काही बदल करायचेत का, असं प्रकाशकांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. पुस्तकातल्या बाई अजूनही गाडीतून उतरतात, जिने चढतात आणि बेल वाजवतात.