धुक्यात पाहिलेली दिल्ली

एका खोलीत तीन माणसं राहिली की भांडी कमी पडतात, पांघरुणं कमी पडतात. किस्से मात्र उतू जातात! दिल्लीत मुनिरक्याच्या आमच्या खोलीत मी हिंगोलीचा, आसिफ उदगीरचा, दोघंही स्पर्धा परीक्षेवाले. जानेवारीत तिसरा आला तुषार, देऊळगाव राजाचा. आमचे निम्मे किस्से त्याच्या एका रविवारचे आहेत.

आल्यापासून आठ दिवस हा क्लासला जाऊन यायचा आणि रजईत शिरायचा. खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. शनिवारी जेवताना हळूच म्हणाला, "मंगळवारचं तिकीट काढलंय. मला नाही जमणार इथं."

माझा घास हातातच राहिला. आसिफ मात्र शांतपणे म्हणाला, "जा ना. पण दिल्ली बघून जा. गावात विचारतील काय बघितलं, तर काय सांगशील? रजई?"

*

सकाळी बाहेर पडलो तर गल्लीच गायब! इतकं धुकं, की ऑटोचा आवाज आधी आला आणि ऑटो बऱ्याच वेळाने.

ड्रायव्हर सुसाट. तुषारने घाबरून सीटची दांडी धरली. "भैया, सावकाश चलाइए!"

"काहे का अवकाश जी!" तो उसळला. "इतवार को भी निकलना पड़ता है!"

त्याने ऐकला होता 'अवकाश', म्हणजे हिंदीतली सुट्टी. मग सुट्टीवरून त्याला गाव आठवलं. गावचा तलाव, तलावातले शिंगाडे, आजारी बैल. आठवणी सांगता सांगता त्याचा हात आपोआप सैल पडला. पुढचा सगळा रस्ता ऑटो अगदी सावकाश!

*

इंडिया गेटला पोचलो. म्हणजे, आसिफ म्हणाला की पोचलो.

"कुठंय?" तुषार.

"समोर."

"समोर तर काहीच नाही."

"अरे, एवढी मोठी गोष्ट कुठं जाणारे? विश्वास ठेव!"

तरी फोटो काढला. पांढऱ्या कागदावर चिकटवल्यासारखे आम्ही तिघं. तुषारने तो आईला पाठवला. लगेच फोन.

"मागे काय आहे रे?"

"इंडिया गेट."

"छान आहे हो!" आई म्हणाली, "आणि मफलर कुठंय तुझा?"

*

हुमायूनच्या मकबऱ्यापाशी धुकं जमिनीलगत बसलं होतं, आणि वर जरा ऊन फुटलं होतं. इमारत नव्हतीच. नुसता पांढरा घुमट हवेत, ऊन खात बसलेला. दोन घारी त्याच्याभोवती फिरत होत्या. खाली कुणीतरी पाचोळा झाडत होतं; झाडणारा दिसत नव्हता, खराट्याचा आवाज तेवढा जवळ येई आणि लांब जाई.

तुषार कितीतरी वेळ बघत राहिला. मग आम्हाला न विचारता मोबाइल काढला. थंडीने बोटं वळत नव्हती, चार वेळा चुकीचं बटण दाबलं.

"काय करतोयस?"

"तिकीट कॅन्सल."

"का रे?"

"धुकं गेल्यावर हे कसं दिसतं, ते बघायचंय."

 

*

आता सर्वांत आवडता किस्सा. लोधी गार्डनला पोचेपर्यंत ऊन गेलं, धुकं पुन्हा दाटलं आणि तुषार हरवला. फोन लावला तर बंद. नवीन पोरगा, रस्ते माहीत नाहीत, हिंदी ही अशी! आम्ही दोघं झाडाझाडांतून हाका मारत फिरलो, "तुषाऽऽर!"

धुक्यातून एका बाईंचा आवाज आला, "इकडे या रे! तुमचा तुषार इथे थालीपीठ खातोय!"

दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरचं मराठी कुटुंब होतं. सरकारी नोकरीतले काका, काकू आणि सहा वर्षांची सई. तुषार वाट चुकून स्वतःशीच मराठीत पुटपुटत चालला होता, ते काकूंनी ऐकलं आणि त्याला हाताला धरून बसवलं. आम्हालाही बसवलं. थालीपीठ, लोणी, थर्मासमधला चहा. आजूबाजूला जग नव्हतंच. एक चटई आणि आम्ही सहा जण.

सई दिल्लीतच जन्मलेली. तिने तुषारची बाही ओढली. "दादा, कोहऱ्याला मराठीत काय म्हणतात?"

"धुकं."

"धुकं," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडातून वाफेचा एक पांढरा ढग निघाला.

ती दचकली. हळूच पुन्हा म्हणाली, "धुकं." पुन्हा ढग.

डोळे मोठे करून ती आईकडे वळली. "मम्मा! हे तर मीच केलंय!"