रिव्हॉल्व्हरचा फायदा

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीतल्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक निवृत्त हवालदार पहाऱ्याला असत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कमरेला जुनं रिव्हॉल्व्हर आणि तोंडी त्याचीच तारीफ. साहेबांचं नवं पिस्तूल दिसलं की ते मिशीतल्या मिशीत हसत. "पिस्तूल ऐन वक्ताला अडकतंय. हिकडं एक गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप वढायचा, दुसरी तयार!"

संपाच्या दिवशी आम्ही कामगार फाटकावर धडकलो. आतून साहेब ओरडले, "हवालदार, गोळी घाला!"

हवालदारांनी रिव्हॉल्व्हर काढलं. मी अगदी पुढे होतो. त्यांनी ते उघडलं, सगळ्या गोळ्या तळहातावर ओतल्या आणि रिकामं चक्र आम्हाला फिरवून दाखवलं.

"बघा, काय न्हाई ह्यात. आता बसा खाली."

आम्ही बसलो. नंतर मी त्यांच्याजवळ गेलो, तर म्हणाले, "पिस्तुलाचं असं दिसत न्हाई, राव. रिकामं हाय म्हटलं तरी कोन इस्वास ठिवतंय?"

दुपारी बोलणी झाली, मागण्या मान्य झाल्या. संध्याकाळी हवालदारांना कामावरून काढलं. त्यांना हत्यार वापरता येत नाही, असं साहेबांचं मत पडलं.