मागच्या खोलीची किल्ली

ती बाई ठाण्याच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक किल्ली होती. नोकरीत पुष्कळ प्रकरणं हाताळली, त्यातली कित्येक विसरलो. ती किल्ली मात्र विसरलो नाही.

मी बारावीवर पोलिसांत भरती झालो. आता निवृत्तीनंतर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आहे. आमच्या भावंडांत कॉलेजात नाव घालणारा मी पहिलाच. त्यामुळे लिहिण्याची सवय नवी आहे, काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी तुमसर भागातल्या एका ठाण्यात हवालदार होतो. दिवाळी झाली होती, गावोगाव मंडई सुरू होती. मंडई म्हणजे आमच्याकडे घराघरांत पाहुणे, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक, आणि आम्हा पोलिसांना रोजचा बंदोबस्त. अशा गर्दीच्या दिवसांत ती आली. वय सत्तरीच्या घरात.

"माह्या घरात दुसरंच कोणी राहून राहिलं, साहेब," ती म्हणाली. "मी मंडईले आली, तं दाराशी परकी बाई. मलेच विचारते, कोण पाहिजे म्हणून."

तिचा नवरा राइस मिलमध्ये कामाला होता. दोघांनी मिळून तीन खोल्या बांधल्या. तो वारल्यावर मुलगा तिला नागपूरला घेऊन गेला, चौथ्या मजल्यावर. घर रिकामं पडू नये म्हणून तिने समोरच्या दोन खोल्या किरायाने दिल्या. मागची खोली स्वतःसाठी ठेवली आणि तिला कुलूप लावलं. दरवर्षी मंडईला चार दिवस येऊन त्या खोलीत राहायची. मधल्या दोन वर्षांत गुडघ्यांमुळे तिचं येणं झालं नव्हतं.

"किरायेदाराचा कागद केला होता का?" मी विचारलं.

"केला नं जी. अकरा महिन्याचा. पोट्टा मोठा गोड, आजी आजी करे. नागपूरले येऊन सही घेऊन गेला. म्हणे, तुमाले कायले त्रास? कोऱ्या स्टँपवर सही द्या, टाइप मी करून घेतो."

माझ्या शेजारी बसलेल्या ठाणे अंमलदाराने कपाळाला हात लावला.

आम्ही घरी गेलो. तिथे मिलमधला एक फिटर आणि त्याची बायको राहत होती. बायकोला सातवा महिना होता. त्यांनी घरमालक समजून बाईच्या त्याच किरायेदार पोऱ्याला मोठी अनामत दिली होती. त्याने त्यांना एक स्टँपचा कागद दाखवला होता: बाईने घर त्याला विकलं, खाली बाईची सही. तो पोऱ्या महिनाभरापासून बेपत्ता होता.

मोठे साहेब म्हणाले, "कागद आहे, सही तिची आहे. दिवाणी बाब दिसते. कोर्टात जा म्हणावं."

ते नियमाला धरून बोलत होते. पण कोर्टाच्या तारखा किती चालतात हे मला ठाऊक होतं, आणि बाईचं वयही समोर दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "मले त्या घरातच मरायचं हाय जी. चौथ्या मजल्यावर नाही." मी साहेबांकडून चार दिवस मागून घेतले आणि पोऱ्याचं वर्णन पानठेल्यांवर देऊन ठेवलं.

तिसऱ्या दिवशी एका पानठेलेवाल्याने खबर दिली. असा असा पोऱ्या बपेरा गावच्या स्टॉपवर एका म्हाताऱ्याशी घराच्या गोष्टी करत उभा आहे आणि म्हाताऱ्याची पिशवी स्वतः उचलून घेतो आहे. म्हाताऱ्यांशी असं गोड वागणारा म्हणजे आमचाच माणूस, असं पिशवीचं ऐकताच मला वाटलं. आणला, तर तोच निघाला.

तो घाबरला नाही. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज. "घर माझं आहे, साहेब. आजीनं विकलं. कागद पाहा."

घर रजिस्टर खरेदीखताशिवाय विकलं जात नाही हे मला माहीत होतं. पण "रजिस्ट्री राहिली आहे" म्हणून तो मोकळा झाला असता. मला लवकर वाचता येत नाही, ओळीखाली बोट ठेवून वाचावं लागतं. सहकारी त्यावरून हसायचे. त्या दिवशी तसाच तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा बोट एका ओळीवर थांबलं. 'तिन्ही खोल्या रिकाम्या करून प्रत्यक्ष ताबा दिला आहे.'

"मागच्या खोलीची किल्ली दे," मी म्हणालो.

"हरवली, साहेब."

"आत काय आहे?"

"काही नाही. भंगार."

"रिकामी आहे की भंगार आहे?"

त्याची नजर पहिल्यांदा कागदाकडे गेली.

फिटरच्या बायकोच्या जबाबात एक गोष्ट होती. त्याने त्यांना बजावलं होतं, "त्या खोलीत माझ्या मेलेल्या आईचं सामान आहे, उघडू नका."

मी बाईचा पुरवणी जबाब घेतला. खोलीत काय काय आहे ते आठवून सांगा म्हणालो. ती डोळे मिटून सांगत गेली, मी लिहीत गेलो. मग पोऱ्याला समोर उभं करून, दोन पंचांसमक्ष, तिच्याच किल्लीने कुलूप उघडलं. कुलूप गंजलं होतं, पण तेल घातल्यावर फिरलं.

खाटेवर घडी केलेली वाकळ. पाण्याचा पितळी गुंड, पालथा. स्टोव्ह. दोन ताटं, दोन पेले. नवऱ्याचा मिलचा डबा आणि चष्मा. भिंतीला झाडणी. जबाबातली एकही वस्तू कमी नव्हती. पंचनामा लिहिताना मला वाटलं, हे टाकून गेलेल्या माणसाचं सामान नव्हे. परत येणाऱ्याचं आहे.

पोऱ्याने पाणी मागितलं आणि तिथेच बसून सांगायला लागला. दूर राहणारी, एकटी म्हातारी माणसं तो हेरायचा. अशी आणखी दोन घरं त्याने केली होती. फसवणुकीचा आणि बनावट दस्ताचा गुन्हा दाखल झाला.

फिटर दाराशी उभा होता. "आता आमी कुठं जावं जी?"

बाईने त्याच्या बायकोकडे पाहिलं. "त्या मेल्यानं मेलेली माय म्हणून मले तं मारूनच टाकलं होतं. माहा जीव वाचला, आता तुमाले बाहेर काढून मी काय करू? राहा. पण कागद आता हे साहेब वाचतीन, मगच मी सही करीन."

मी वाचला. एकेक ओळ, बोट ठेवून. मागची खोली मालकाकडे राहील हेही त्यात लिहिलं. करार रजिस्टर केला, किरायेदाराची माहिती ठाण्यात दिली.

पुढच्या मंडईला मी त्याच गावात बंदोबस्ताला होतो. बाई कायमची परत आली होती, फिटरचं बाळ तिच्या मांडीवर होतं. मला पाहून म्हणाली, "टोपी काढून बसा साहेब. आज तुमी पाहुणे." इतकी वर्षं मंडईत फिरलो, पण पाहुणा म्हणून कोणी बसवलं ते पहिल्यांदाच. पोलीस क्वार्टरमध्ये जन्म गेलेल्या माणसाला ते किती भिडलं, हे मला नीट लिहिता येत नाही.

घर किरायाने देऊन चार पैसे यावेत असं ज्यांना वाटतं, त्यांना मी अनुभवाने सांगतो. कोऱ्या कागदावर सही करू नका, किरायेदार कितीही गोड बोलो. करार रजिस्टर करा आणि तो स्वतः वाचा, हळू वाचायला लाजू नका. वीजबिल, घरटॅक्सची पावती आपल्याजवळच ठेवा. दुसरं म्हणजे अधूनमधून घरी जात राहा. बाईची दोन वर्षं चुकली, तेवढीच त्याला पुरली.

निवृत्तीच्या पैशातून मी कारध्याला तीन खोल्या बांधल्या. एका बाजूला एक नर्सबाई किरायाने राहते. तिच्या करारातही मागच्या खोलीची ओळ आहे. बायको हसते, "आपण तं इथंच राहतो, मंग ते खोली कोणाची?"

मुलगी पुण्याला नोकरीला आहे. दर मंडईला येते म्हणते, पण रजा मिळत नाही. खोलीत खाट आहे, दोन ताटं आहेत. महिन्यातून एकदा मी कुलपाला तेल घालतो.