काचेवर लावलेलं तोंड

लाँड्रीत तिला सगळे मिरची म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. पाळी गेली तशी तिच्या तोंडाची कातडी कोरडी ठणठणीत पडली. हसलं की ओठांशी चिरा, इस्त्रीची वाफ लागली की गाल चुरचुरायचे.

धाकट्या भावाच्या बायकोचं पार्लर होतं. ती म्हणाली, "ताई, माझं क्रीम लावा, दहा वर्षं मागं जाल." तिनं फोटोही काढून घेतला. "तुमच्यासाठीच हो, फरक कळायला."

फरक कळला. आधी चेहरा असा तुकतुकीत झाला की नवराही वळून बघायला लागला. मग गाल लालभडक, सोलल्यासारखे. भावजय म्हणे, "घाण बाहेर पडतेय, लावत राहा." नवरा म्हणाला, "या वयात तोंड दाखवायचंय कुणाला?" त्यावर ती अशी खेकसली की तो चहा तसाच टाकून उठला.

शेवटी तिनं कातडीची डॉक्टर गाठली. डॉक्टरनं क्रीमची डबी उलटीपालटी करून पाहिली. "आत काय आहे ते लिहिलेलंच नाही. लक्षणं स्टेरॉइडची आहेत. पाळी गेल्यावर कातडी आधीच पातळ होते, त्यात हे! बंद करा. थोडे दिवस आग वाढेल, घाबरू नका. साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात सनस्क्रीन. सुरकुत्यांचं औषध आहे, पण हे बरं झाल्यावर, बेताबेतानं."

परतताना पार्लरच्या काचेवर तिला स्वतःचंच तोंड दिसलं. हातभर मोठं. वर लिहिलेलं 'आधी'. शेजारी 'नंतर' म्हणून भावजयीची पस्तिशीतली बहीण!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत शिरून ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसली.

"ताई, हे काय?"

"तुझं 'नंतर'. बघू दे लोकांना."

दोन बायका आल्या, तिचं तोंड बघून आल्या पावली परत गेल्या. भावजय रडकुंडीला आली. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

"माझं तोंड चव्हाट्यावर कुणी मांडलं?"

भावाचा फोन आला. "अगं, जाऊ दे ना."

"तुझे गाल सोललेत? मग गप्प बस."

फोटो उतरला, डब्या कचऱ्यात गेल्या, तेव्हाच ती उठली.

गाल निवायला काही महिने गेले. राग निवला नाही. भावजयीनं एकदा लाँड्रीत कपडे पाठवले, सोबत निरोप: ताईंना म्हणावं, झालं गेलं विसरा.

मिरचीनं कपड्यांना कडक इस्त्री करून दिली. निरोपाला उत्तर दिलं नाही.